एमए परवडतं, पीएफमधले १२ लाख देणं परवडत नाही

ताई, तुमची परिस्थिती बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. वय ४७, एकाच प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्सला २२ वर्षं, बेसिक ३०,०००, पीएफमध्ये १९ लाख, एफडी ६ लाख, म्युच्युअल फंडात ५ लाख. लग्नामुळे राहून गेलेलं इतिहासातलं एमए आता नोकरी सोडून दोन वर्षं रेग्युलर कॉलेजला जाऊन करायचंय. घरचे म्हणतायत या वयात कसली हौस, आणि त्याच दमात मुलाच्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटला तुमच्या पीएफमधले १२ लाख धरून बसलेत, नोकरी सोडतेच आहेस तर पीएफ निघेलच ना म्हणून. आणि तुम्ही मला विचारताय, मी स्वार्थीपणा करतेय का.

नाही हो, अजिबात नाही. घरात हिशोब उलटा चाललाय.

एमएचा खर्च बघा. घरात तुमचा वाटा महिन्याला २२,०००, म्हणजे किराणा, लाइटबिल, स्वयंपाकाच्या मावशी आणि सासूबाईंची आया. दोन वर्षांचे ५ लाख २८ हजार झाले, फी-पुस्तकं तुम्ही ६०,००० धरलीत, म्हणजे सगळे मिळून ५ लाख ८८ हजार. एवढ्यात एफडी संपते म्हणून तुम्ही घाबरलात, पण तुम्ही ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम, धरलेलीच नाहीये! ती रिटायर झाल्यावरच मिळते असं बऱ्याच जणींना वाटतं, तसं नाहीये, पाच वर्षं सलग नोकरी झाली की राजीनामा दिला तरी मिळते. बेसिक भागिले २६ गुणिले १५ गुणिले २२ वर्षं, तुमचे साधारण ३ लाख ८० हजार होतात. म्हणजे एमए पूर्ण होऊनही हातात ३ लाख ९० हजारांच्या आसपास राहतात आणि पीएफ, फंड दोन्हीला हात लागत नाही.

आता ते १२ लाख. ते तिथेच राहिले आणि ८ टक्के जरी धरले तरी तुमच्या ५८व्या वर्षी त्यांचे २८ लाखांच्या जवळपास होतात. तुमच्या म्हातारपणातून खरं तर एवढी रक्कम जाणार आहे, आणि तुम्ही सांगितलेल्या रकमांमध्ये ती भरून काढायला दुसरं काही मला दिसत नाही. मुलगा २४ वर्षांचा आहे, कमावतोय, दोन-तीन वर्षं पैसे साठवून घर घेऊ शकतो, त्याला २०-२५ वर्षांचं होम लोनही मिळेल. तुम्हाला साठीला तसं कुणी काही देणार नाहीये. आईचं मन आहे, थोडे द्यावेसे वाटले तर एमए संपल्यावर उरलेल्यातून द्या, पण पीएफ काढायचा नाही म्हणजे नाही. नोकरी सुटल्यावरही त्यावर व्याज मिळत राहतं, फक्त त्या व्याजावर टॅक्स लागतो तेवढं लक्षात ठेवा.

मला खरी काळजी दोन गोष्टींची आहे. एक मेडिक्लेम. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो आणि तुम्हाला बीपीची गोळी चालू आहे. नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत वेटिंग लावू शकतात, म्हणजे तेवढा काळ त्या आजाराचा क्लेम मिळत नाही, म्हणून राजीनाम्याच्या आधी एचआरला विचारा की याच इन्शुरन्स कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, म्हणजे झालेलं वेटिंग धरलं जातं. फॉर्मवर बीपी लपवू नका, एजंट काहीही म्हणू दे. प्रीमियम त्या उरलेल्या पैशातून जाईल.

दुसरी काळजी जास्त मोठी आहे. पगार थांबला की सगळ्यात आधी काय बंद होतं माहितीये? स्वयंपाकाच्या मावशी आणि आया. घरीच असतेस ना आता, एवढं एकच वाक्य पुरतं, मग सकाळचा डबा तुमच्याकडे, सासूबाईंचं औषधपाणी तुमच्याकडे, आणि तुम्ही साडेदहाच्या लेक्चरला पोचायचं कसं? माझ्या ओळखीत असे ब्रेक पैसे कमी पडून मोडलेले कमी आणि असे मोडलेले जास्त बघितलेत मी, फार जीव तुटतो. म्हणून त्या २२ हजारांतले मावशींचे आणि आयाचे पैसे वेगळ्या खात्यात टाका, दर महिन्याला तिथूनच द्या आणि मिस्टरांना आत्ताच स्पष्ट सांगा की ही काटकसर करायची जागा नाही.

परत नोकरी किती पगाराची मिळेल ते मी आज सांगू शकत नाही. पण महिना २५,००० जरी मिळाले तरी वाटा निघतो आणि पीएफ वाढत राहतो, त्यामुळे मला हा धोका घेण्यासारखा वाटतो. दोन वर्षं बिनपगारी रजा मिळते का तेही विचारून बघा, मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण नाही म्हणाले म्हणून अडून बसू नका.

क्रम असा ठेवा: आधी मेडिक्लेमचं नक्की, मग ग्रॅच्युइटीचा आकडा एचआरकडून लेखी, मग अ‍ॅडमिशन, आणि राजीनामा सगळ्यात शेवटी. मुलाला मात्र या आठवड्यातच सांगा, त्याने बिल्डरला टोकन द्यायच्या आत.