मुंबईत वयस्कर आई-वडिलांना लोकल-बसने फिरवता येईल का, की गाडीच करावी?

येईल. गाडी करूच नका. हे ठासून सांगतोय, कारण आमच्या घरात यावरून जुना वाद आहे. थोरल्या भावजींच्या मते सत्तरीच्या माणसाला लोकलमध्ये घालणं म्हणजे मुलांनी हात झटकणं.

अटल सेतू व्हायच्या आधी उरणला चुलत बहिणीचा साखरपुडा होता. भावजी गिरगावातून गाडीने निघाले. वडील म्हणाले, मी लाँचने जाणार. त्यांची सगळी नोकरी गोदीत झालेली. भरतीची वेळ त्यांनी आदल्या दिवशीच पाहून ठेवली होती. व्हीटीहून (सीएसएमटी) पनवेल लोकल धरली. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे खिडकी मिळाली. डॉकयार्ड रोडला उतरून भाऊच्या धक्क्यापर्यंत टॅक्सी. लाँचमध्ये चढताना खलाशाने वडिलांचा दंड धरला, तो दोन्ही पाय आत येईपर्यंत सोडला नाही. रिकाम्या पाट्या घेऊन बसलेल्या कोळणींनी सरकून बाकावर जागा केली. मग उरणचा मोरा धक्का येईपर्यंत वडील बोलतच होते: प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया, इंदिरा, कुठे कुठलं जहाज लागायचं. इतकं बोलताना मी त्यांना घरी पाहिलेलं नाही. भावजी जेएनपीटी बंदराच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत अडकले आणि अंगठ्या घालून झाल्यावर पोचले. आजही म्हणतात, त्या दिवशी ट्रॅफिकच तसं होतं. नसतं, तरी गाडीतून वडिलांना काय दिसलं असतं?

तुम्ही अकरा ते चार फिरा. स्लो लोकल घ्या, शक्यतो चर्चगेट किंवा व्हीटीहूनच बसा. कफ परेड ते आरे भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू आहे. लिफ्ट आहेत, सिद्धिविनायक, दादर, विमानतळ सगळं त्याच मार्गावर. बेस्ट बसचं तिकीट १० रुपयांपासून, एसीचं १२.

हो, दादरचा पूल संध्याकाळी टाळा. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असते. मोठ्या ओहोटीला मोऱ्यात गाळामुळे लाँच लागत नाही. तेव्हा नेरूळ किंवा बेलापूरहून उरण लोकल धरा, ती जानेवारी २०२४ पासून आहे. गुडघे फारच दुखत असतील तर टॅक्सी करा, पण स्टेशनपर्यंतच.

आणि कुणी नातेवाईक म्हाताऱ्यांचे हाल करतोस म्हणाला, तर त्याच्यादेखत आई-वडिलांनाच विचारा. आमच्या भावजींनी वडिलांना एकदाही विचारलेलं नाही.