दुकान थांबू द्या, आधी ती पॉलिसी कपाटातून बाहेर काढा

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

"वय ४४. ओहायोत कोलंबसजवळ राहतो, आता अमेरिकन नागरिक आहे. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, पगार वर्षाला १ लाख ३० हजार डॉलर. पत्नी शाळेत अर्धवेळ काम करते, ३० हजार मिळतात. आरोग्य विमा सगळ्यांचा माझ्या नोकरीतून. मुलं १३ आणि ९ वर्षांची. घराचं कर्ज ३ लाख १० हजार बाकी. आठ वर्षं गॅरेजमध्ये बिअर बनवतो. मंडळाच्या कार्यक्रमात माझी आमरसाची बिअर पहिल्या तासात संपते. आमच्या भागातलं होमब्रू (घरी बिअर बनवायच्या) साहित्याचं एकमेव दुकान दोन वर्षांपूर्वी बंद पडलं, ते मार्चमध्ये नोकरी सोडून मी नव्याने सुरू करणार आहे. १ लाख २० हजार लागतील : ६० हजार ४०१-के (नोकरीतून साठवलेला निवृत्तीनिधी) मधून, ४० हजार आययूएल पॉलिसीवर (शेअर बाजाराच्या निर्देशांकाशी जोडलेला आयुर्विमा) करमुक्त कर्ज, २० हजार बचत. पॉलिसीत चार वर्षं दरमहा १,५०० भरतोय, त्यासाठी ४०१-के मध्ये भरणं थांबवलं. पत्नीनेही त्याच एजंटकडे विमा विकायचं लायसन्स काढलंय, तिचंही उत्पन्न वाढेल. प्रश्न इतकाच : ४०१-के मोडू की घरावर कर्ज काढू?"

दोन्ही करू नका. का ते सांगतो, पण दुकानाचं लवकर आटोपतो, कारण तुमच्या पत्रातली खरी गंभीर गोष्ट दुकान नाही.

पाच गॅलनची एक बॅच म्हणजे पन्नासेक बाटल्या. माल्ट, हॉप्स आणि यीस्ट मिळून गिऱ्हाईक साधारण ४५ डॉलर देईल, त्यातले तुमच्याकडे १५ राहतील. दीड हजार चौरस फुटांचा गाळा, वीज, विमा, कार्डाचं कमिशन आणि एक अर्धवेळ मदतनीस मिळून महिन्याला ६ हजार धरा. म्हणजे दरमहा ४०० बॅचचं साहित्य विकलं गेलं तर दुकान नुसतं उघडं राहील, तुमच्या घरी एक डॉलरही येणार नाही. मन लावून बिअर बनवणारा माणूसही महिन्यातून एकदा बनवतो. तुम्हाला ४०० पक्की गिऱ्हाइकं हवीत, आणि ती केवळ भाडं भरायला. घरी ४ हजार न्यायचे असतील तर आणखी २७०. जुन्या दुकानाकडे इतकी गिऱ्हाइकं असती तर ते बंद झालं नसतं. आसपास एकही दुकान नाही याचा अर्थ तुम्ही मागणी आहे असा लावलात. त्या जुन्या मालकाला गाठा, कॉफी पाजा आणि शेवटच्या तीन वर्षांचे विक्रीकराचे आकडे दाखवायची विनंती करा. व्यवसायातून बाहेर पडलेली माणसं बहुतेक वेळा मनमोकळं बोलतात.

हा धंदा का आटला, तेही समजून घ्या. घरी बिअर बनवायला केंद्रीय कायद्याची मोकळीक अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने १९७८ मध्ये मिळाली. त्या वेळी सबंध देशात शंभरसुद्धा ब्रूअरी नव्हत्या. चांगली, चवीची बिअर हवी तर ती घरीच करावी लागे. आज देशात नऊ हजारांहून अधिक ब्रूअरी आहेत आणि ताजी आयपीए (हॉप्सच्या कडवट चवीची बिअर) घरापासून दहा मिनिटांवर मिळते. पातेलं, फर्मेंटर, बाटल्यांना बूच लावायचं यंत्र या वस्तू लोक एकदाच घेतात, आणि त्याही ऑनलाइन. नॉर्दर्न ब्रूअरसारखं मोठं नाव २०१६ मध्ये अन्हायजर-बुश इनबेव्हने विकत घेतलं आणि काही वर्षांत सोडूनही दिलं. तुमच्या बाजूने एकच गोष्ट आहे : जड धान्य पोस्टाने मागवणं महाग पडतं आणि ताजं दळलेलं माल्ट जवळ मिळालेलं सगळ्यांना आवडतं. पण नोकरी सोडण्याइतकं वजन तिच्यात नाही.

आणखी एक. आमरसाची बिअर दुकानात विकायचं मनात असेल तर आत्ताच काढून टाका. कायद्याने घरी एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलन बनवता येते, आणि तीही फक्त स्वतःच्या आणि घरच्यांच्या वापरासाठी. विक्रीला ब्रूअरीचा परवाना लागतो.

आता तुमचे १ लाख २० हजार. नोकरी सोडून ४०१-के मधून ६० हजार काढले तर १० टक्के दंड, २२ टक्के केंद्राचा कर, ३ टक्क्यांच्या आसपास राज्याचा. हातात ३९ हजार. तेच ६० हजार जागचे हलवले नाहीत तर ६ टक्क्यांनी २१ वर्षांत २ लाखांच्या वर जातात. घरावरचं कर्ज करात स्वस्त दिसेल, पण ज्या दिवशी पगार थांबतो त्याच दिवशी घर गहाण टाकायला मी कोणालाच सांगणार नाही. आरोग्य विमा जाईल तो वेगळाच. चौघांचा, सरकारी मदतीशिवाय, महिन्याला दोन हजारांच्या घरात पडेल.

पॉलिसीचे ४० हजार तर नाहीतच. तुम्ही जोडलेल्या विवरणात खात्यात ५२ हजार दिसतात, पण सरेंडर व्हॅल्यू (आज पॉलिसी मोडली तर हातात येणारी रक्कम) २७ हजार आहे, आणि कर्ज मिळतं ते त्या आकड्यावर. जेमतेम २४ हजार. एजंटने हे सांगितलं नसेल तर त्याने कामच केलेलं नाही. माहीत असून लपवलं असेल तर ते त्याहून वाईट.

म्हणजे तुमच्या १ लाख २० हजारांचे खरे ८३ हजार झाले. पण याहून मोठं नुकसान होऊन गेलंय, आणि त्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही.

चार वर्षांत तुम्ही ७२ हजार भरलेत, मिळतील २७. पंचेचाळीस हजार कमिशन, विम्याचा खर्च आणि सरेंडर चार्ज यांत गेले. आणि हे हप्ते भरता यावेत म्हणून तुम्ही ४०१-के थांबवलंत. तुमची कंपनी पगाराच्या ४ टक्के स्वतःच्या खिशातून घालते, म्हणजे वर्षाला ५,२००. चार वर्षांत सुमारे २१ हजार तुम्ही कंपनीला परत देऊन टाकलेत. ६६ हजार डॉलर. दुकान निघण्याआधीच निम्म्या दुकानाचे पैसे संपलेत.

"बाजार पडला तरी शून्याखाली जात नाही" या वाक्यावर ही पॉलिसी विकली जाते. वाक्य अर्धवट आहे. बाजार पडला तर जमा होणारं व्याज शून्य असतं, पण विम्याचा खर्च आणि इतर शुल्क त्याही वर्षी कापलं जातं, आणि विम्याचा दर वयाबरोबर दरवर्षी चढतो. बाजार २५ टक्के वाढला तरी तुम्हाला वरच्या मर्यादेपर्यंतच मिळतं, ती मर्यादा कंपनी बदलू शकते, आणि निर्देशांकातल्या कंपन्यांचा लाभांश तर तुमच्याकडे येतच नाही. "६५ व्या वर्षी १२ लाख" हा एजंटच्या कागदावरचा आकडा एका गृहीत दरावर काढलेला आहे. त्याच कागदावर गॅरंटीड नावाचा रकाना आहे. तो वाचा. बहुतेक पॉलिसींत उतारवयात कुठेतरी तिथे शून्य असतं. एजंट लोक रविवारी झूमवर वर्ग घेतात, त्यात हा रकाना कोणी दाखवत नाही, आणि मला याची चीड येते, कारण समोर बसलेली सगळी शिकलेली, कष्टाने डॉलर जमवलेली, भरवशाने आलेली माणसं असतात.

करमुक्त कर्जाचंही तसंच. कर्ज असल्यामुळेच त्यावर कर नाही. व्याज मात्र आहे. तुमच्या बाबतीत तर २४ हजार काढून हप्ते थांबवले (पगार नसताना १,५०० कुठून भरणार?) तर उरलेली रक्कम शुल्क खाऊन टाकेल आणि पॉलिसी बंद पडेल. दहा लाखांचा हा तुमचा एकमेव आयुर्विमा आहे. घरात पगार नाही, दुकान नवं, मुलं शाळेत, अशा वेळी तो नाहीसा होईल.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी वीस वर्षांचा, दहा लाखांचा साधा टर्म विमा (ठरावीक वर्षांपुरता, बचत नसलेला आयुर्विमा) घ्या. तुमच्या वयाला, तब्येत ठीक असेल तर, महिन्याला सव्वाशे-दीडशे डॉलर पडेल. अर्जात दारूच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या. आठवड्याला किती घेता ते लपवून घेतलेला विमा दाव्याच्या वेळी अडतो. ती पॉलिसी लागू झाली की मगच जुनी सोडा. त्यातही एक बारकावा : नुसती सरेंडर केली तर तोट्याची करात वजावट मिळत नाही. त्याऐवजी १०३५ एक्स्चेंजने (कर न लागता एका पॉलिसीतले पैसे दुसरीत हलवायची कायद्यातली सोय) ते २७ हजार कमी खर्चाच्या, विनाकमिशन अॅन्युइटीत (पुढे पेन्शनसारखे पैसे देणारी विमा कंपनीची योजना) हलवले तर भरलेल्या ७२ हजारांची नोंद सोबत जाते आणि पुढच्या ४५ हजारांच्या वाढीवर कर लागत नाही. हे काम एजंटकरवी करू नका. तासावर फी घेणाऱ्या कर सल्लागाराकडे जा.

आणि पुढच्याच पगारापासून ४०१-के सुरू करा. टर्म विम्याचे दीडशे वजा जाता दरमहा मोकळे झालेले १,३५० आणि कंपनीचे वर्षाचे ५,२०० मिळून ६ टक्क्यांनी ६५ व्या वर्षी साडेआठ लाखांच्या आसपास होतात. काढताना कर लागेल. ६ टक्के हाही अंदाजच, तरी हे पैसे तुमचे असतील.

तुमच्या पत्नीच्या लायसन्सबद्दल स्पष्ट बोलतो, राग मानू नका. विमा विकणाऱ्या एजंटांच्या या साखळीत नवीन माणसाला पहिली गिऱ्हाइकं ओळखीतलीच मिळतात : मंडळातल्या मैत्रिणी, मुलांच्या मराठी शाळेतले पालक. पहिल्या वर्षाच्या हप्त्याचा मोठा वाटा कमिशन म्हणून वर जातो, आणि त्या घराने लवकर पॉलिसी सोडली तर तुमच्या पत्नीचं कमिशन परत घेतलं जातं. तुमच्या पत्नीने अजून कोणाला पॉलिसी विकली नसेल तर इथेच थांबावं. विकली असेल तर त्या घरांना स्वतः फोन करून सरेंडर व्हॅल्यू विचारून घ्यायला सांगावं. विकत घेतल्यावर काही दिवस पैसे परत मिळण्याची मुदत असते. ती कोणाची चालू असेल तर आजच कळवा.

दुकानाची हौस मला खोटी वाटत नाही. नोकरी ठेवून ५ हजारांत वर्षभर करून पाहा : जवळच्या ब्रूइंग क्लबला सामील व्हा, ५५ पौंडी पोत्यांची घाऊक खरेदी करून गॅरेजमध्ये दळून द्या (आधी स्थानिक परवान्यांची चौकशी करून), शनिवारी शिकवणीचे वर्ग घ्या. टिकून राहिलेली दुकानं बहुधा वाइन, कोंबुचा आणि चीजचं साहित्यही ठेवतात, किंवा एखाद्या टॅपरूमला (ब्रूअरीच्या बिअर पिण्याच्या जागेला) जोडलेली असतात. वर्षात १०० माणसं दोनदा परत आली तर त्यांची यादी घेऊन मला पुन्हा लिहा.

तोवर विमा कंपनीला लेखी कळवून इन-फोर्स इलस्ट्रेशन (चालू पॉलिसीचं पुढे काय होईल त्याचा तक्ता) मागवा, ४ टक्के दराने आणि हप्ते थांबवल्यास काय होईल असे दोन्ही. तो त्यांना द्यावा लागतो. एजंट "मीच आणून देतो" म्हणाला तरी थेट कंपनीकडूनच घ्या, आणि तो हातात येईपर्यंत मार्चचा राजीनामा लिहू नका.