इंदिरा पॉइंट खचलं, प्रवाळ वर आला

प्रश्न : २००४च्या भूकंपात निकोबारचं इंदिरा पॉइंट खचलं, तर उत्तर अंदमानात प्रवाळ पाण्याबाहेर आला. एकाच भूकंपात असं उलटसुलट कसं?
– एक वाचक, कराड

उत्तर : तिथे भारतीय भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक अवाढव्य तुकडा, शेजारच्या पट्टाखाली तिरका घुसतो, वर्षाला काही सेंटिमीटर. पण दोघांमधला सांधा शेकडो वर्षं घट्ट अडकून राहतो. खालचा पट्ट मात्र थांबत नाही. वरच्या पट्टाची कडा तो आपल्याबरोबर खाली ओढत नेतो आणि कडेमागची जमीन फुगते. वर्गात मी हे पोस्टकार्ड वाकवून दाखवत असे; याहून चांगलं साधन मला अजून सापडलेलं नाही.

२६ डिसेंबरला सांधा सुटला. कडा उसळली, मागचा फुगवटा बसला. कडेजवळचा प्रवाळ वर आला. इंदिरा पॉइंट मागच्या भागात, म्हणून ते सुमारे चार मीटर खचलं. दीपगृहाचा पाया समुद्रात गेला. उसळलेल्या समुद्रतळानेच त्सुनामी उठवली.

सांधा सुमारे १३०० किलोमीटर उसवत गेला, म्हणून भूकंपाचं परिमाण ९.१ इतकं. तुमच्या भागातला १९६७चा कोयनेचा भूकंप या जातीचा नव्हे. तो पट्टाच्या पोटातला. तिथे एवढा लांब सांधाच नाही.