संपादन शिकायचे, पण कोणत्या भाषेतले?

प्रश्न : मी मराठी विषय घेऊन एम. ए. केले असून गेली तीन वर्षे दोन प्रकाशनांसाठी आणि काही दिवाळी अंकांसाठी घरूनच मुद्रितशोधन करते. पानामागे मिळणारे पैसे हातखर्चापलीकडे जात नाहीत. ब्रिटनमध्ये ‘पब्लिशिंग’ या विषयाची एका वर्षाची पदव्युत्तर पदवी मिळते असे कळले. परत येऊन मला मराठी पुस्तकांचेच काम करायचे आहे. वडील शैक्षणिक कर्ज काढायला तयार आहेत. हा खर्च करावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मराठी पुस्तकांचेच काम करायचे हा तुमचा निश्चय पक्का असेल, तर एवढे कर्ज काढून जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते अभ्यासक्रम कमी प्रतीचे आहेत म्हणून मी हे म्हणत नाही. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात प्रकाशनाच्या अभ्यासाचे केंद्र 1982 पासून चालू आहे आणि ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठाच्या पदवीलाही त्या व्यवसायात चांगला मान आहे. मात्र तिथे जे शिकवतात त्याचा मोठा भाग प्रकाशनव्यवसायाचा असतो : पुस्तकाचे अंदाजपत्रक, लेखकाशी करार, अनुवादाचे आणि अन्य हक्क परदेशी विकणे, निर्मिती, जाहिरात, ई-पुस्तके. संहितेवर ओळ न् ओळ बसून काम करणे हा त्यातला एक विभाग असतो आणि तोही अर्थातच इंग्रजी संहितेवर.

आता हिशेब मांडून पाहा. फी, राहणे आणि प्रवास धरून एका वर्षाचा आकडा 30 लाख रुपयांच्या पुढे सहज जातो. 30 लाखांचे कर्ज 10 टक्के व्याजाने 10 वर्षांत फेडायचे म्हटले, तर महिन्याचा हप्ता 40 हजारांच्या आसपास येतो. ज्या व्यवसायात पहिली आवृत्ती बहुतेक वेळा हजार किंवा त्याहून कमी प्रतींची निघते, तिथे संपादकाच्या पगारातून हा हप्ता निघणार नाही. जायचेच असेल तर शिष्यवृत्तीवर जावे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी साधारण दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, तेव्हा घरून केलेल्या कामाची पत्रे, बिले आणि श्रेयनामावलीची पाने आजपासूनच जपून ठेवा. तिच्या अटीनुसार शिक्षण संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते. तुम्हाला परतायचेच आहे, त्यामुळे ही अट तुम्हाला जाचक वाटणार नाही.

मराठी संपादकाला जे यावे लागते, ते कोणत्या वर्गात शिकवतात हा खरा प्रश्न आहे. दोन उदाहरणे देतो. डेमी आकाराचे पुस्तक 16 पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या संचांत, छापले जाते असे धरू. 256 पानांचे पुस्तक 16 फर्म्यांत चोख बसते. मांडणी झाल्यावर तेच 261 पानांवर गेले, तर पाच पानांसाठी सतरावा फर्मा लावावा लागतो आणि 11 पाने कोरी राहतात. अर्धा फर्मा लावला तरी तीन पाने कोरी उरतातच आणि छपाई व बांधणीचा खर्च वाढतो तो वेगळा. अशा वेळी प्रकरणांमधली कोरी पाने काढायची, सूची दोन स्तंभांत घ्यायची, की लेखकाला न दुखवता दोन परिच्छेद गाळायचे, हे संपादकाला संध्याकाळपर्यंत ठरवावे लागते, कारण छापखान्यात कागद येऊन पडलेला असतो. मुद्रितशोधन करताना तुम्हाला यातले काही दिसत नाही, कारण पाने तुमच्याकडे येतात तेव्हा हे निर्णय होऊन गेलेले असतात.

दुसरे उदाहरण युनिकोडचे, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य संकेतपद्धतीचे आहे. लेखक मजकूर युनिकोडमध्ये पाठवतो आणि अनेक ठिकाणी तो जुन्या फाँटमध्ये रूपांतरित करून मग मांडणी होते. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र टंकलेखनात कधी खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ने साधलेला असतो, तर कधी डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जोडचिन्हाने. ते चिन्ह रूपांतरात गळाले, की अर्ध्या र चा रफार होतो आणि ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होतात. गिरिभ्रमणावरच्या एका संहितेत माझ्यासमोर असा सह्याद्रीभर समुद्र पसरला होता. शब्द तपासणाऱ्या साधनाला यात काही वावगे दिसत नाही, कारण ‘दर्या’ हाही खराच शब्द आहे. ‘आचारी’ आणि ‘आचार्य’ यांच्या विभक्तिरूपांतही हाच घोटाळा होतो आणि गौरवग्रंथाचे काम चालू असेल, तर तो फार महागात पडतो.

हे शिकायला स्टर्लिंगला जाण्याची गरज नाही, पण खरे सांगायचे तर पुण्या-मुंबईतही ते एका छताखाली मिळत नाही. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचे संपादन घडले ते संहितेवर बसून आणि लेखकांशी पत्रव्यवहार करून. मात्र त्याच वाटेने जा, असा उपदेश मी आजच्या मुलीला करणार नाही, कारण असे वर्षानुवर्षे हाताशी घेऊन शिकवणाऱ्या संस्था आता विरळ आहेत. म्हणून थोडे शिक्षण वर्गातून घ्यावे आणि बाकीचे कामातून. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने भारतीय प्रकाशक महासंघाच्या साहाय्याने पुस्तक-प्रकाशनाची पदव्युत्तर पदविका तयार केली आणि ती घरून करता येते. कोलकात्यातल्या जादवपूर विद्यापीठाची संपादन-प्रकाशनाची पदविका आहे. त्याच शहरात ‘सीगल’ या प्रकाशनसंस्थेने 2012 मध्ये सुरू केलेल्या शाळेत संपादन आणि ग्रंथमांडणीचे काही महिन्यांचे वर्ग चालतात. नॅशनल बुक ट्रस्टही प्रकाशनाचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण देते. प्रवेशाची चालू स्थिती त्या त्या संस्थेकडे विचारून घ्यावी. या सर्वांचा खर्च परदेशी पदवीच्या मानाने किरकोळ आहे.

याबरोबरच तुमच्या दोन प्रकाशकांपैकी जे अधिक मनमोकळे असतील त्यांना सांगा, की पुढचे एक पुस्तक मला पानामागे नको, संहितेपासून बांधणीपर्यंत पूर्ण द्या. आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचा अर्ज, मुखपृष्ठकाराशी बोलणी, मलपृष्ठावरचा पाठराखणीचा मजकूर आणि छापखान्यातल्या फेऱ्या, सगळे तुमच्याकडे येऊ द्या, एकरकमी मोबदला आधी लिहून घ्या आणि श्रेयनामावलीत ‘संपादन’ या शब्दापुढे स्वतःचे नाव मागून घ्या. हे मागायला संकोच वाटेल, पण ते एक पान पुढच्या प्रत्येक अर्जाला जोडता येईल.

प्रश्न : पतीच्या नोकरीमुळे मी मेलबर्नमध्ये राहते. भारतात मी सहा वर्षे इंग्रजी शिकवत होते. इथे प्रकाशन, संपादन आणि ‘कम्युनिकेशन्स’ या विषयांची पदव्युत्तर पदवी घ्यावी असे मनात आहे. कायम वास्तव्यासाठीचा आमचा अर्ज विचाराधीन आहे.
– एक वाचक, मेलबर्न

उत्तर : तुमची स्थिती सांगलीच्या वाचकापेक्षा अगदी वेगळी आहे, कारण तुम्हाला काम त्याच देशात आणि इंग्रजीतच करायचे आहे. पदवी घ्यायला हरकत नाही, मात्र घाई करू नका. ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या विद्यार्थ्याला परदेशी विद्यार्थ्याची फी भरावी लागत नाही आणि दोन्हींतला फरक मोठा असतो. अर्जाचा निकाल वर्षभरात अपेक्षित असेल, तर प्रवेश तोवर पुढे ढकलणे शहाणपणाचे ठरेल.

मधला काळ वाया जायचे कारण नाही. तिथल्या व्यावसायिक संपादकांची ‘आयपेड’ ही संस्था अधिस्वीकृतीची परीक्षा घेते आणि ऑस्ट्रेलियातल्या संपादनकामाचे मानदंडही तिने प्रसिद्ध केले आहेत. ते वाचून काढा, म्हणजे आपल्याला काय येते आणि काय येत नाही याची यादी आपोआप तयार होईल. ऑस्ट्रेलियन सरकारची लेखनशैलीची मार्गदर्शिका 2020 पासून संगणकावर विनामूल्य पाहता येते, तीही हाताशी ठेवा. अभ्यासक्रमाच्या नावातल्या ‘कम्युनिकेशन्स’ या शब्दाकडे अनेक साहित्यप्रेमी काणाडोळा करतात, पण पुस्तकांच्या प्रकाशनसंस्थांत जागा मोजक्या असतात. सरकारी खाती, विद्यापीठे आणि रुग्णालये यांना मात्र माहितीपत्रके, अहवाल आणि संकेतस्थळे सोप्या भाषेत लिहून देणारी माणसे सतत लागतात. सहा वर्षे वर्गात अवघड गोष्ट सोपी करून सांगितलेल्या शिक्षिकेला ते काम परके वाटू नये.

प्रश्न : निवृत्तीनंतर संपादन करावे म्हणतो. शुद्धलेखनाचे सर्व नियम मला पाठ आहेत. तेवढे पुरेसे आहे का?
– एक निवृत्त शिक्षक, नागपूर

उत्तर : मुद्रितशोधनाला ते पुरेसे आहे, संपादनाला नाही. साहित्य महामंडळाचे 1962 चे 14 आणि 1972 चे 4, असे 18 नियम महिनाभरात आत्मसात करता येतात. संपादकाला त्यापलीकडे, वाक्य शुद्ध असूनही ते त्या जागी हवे का, हे पाहावे लागते. ‘त्याने भावाला आपल्या घरी नेले’ या वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही, पण घर कोणाचे हे कथेतल्या वाटणीच्या भांडणाला महत्त्वाचे असेल, तर लेखकाला विचारलेच पाहिजे, आणि विचारताना त्याचे वाक्य स्वतःच बदलून मोकळे व्हायचे नाही. सुरुवात म्हणून ओळखीच्या एखाद्याची अप्रकाशित कथा घ्या, तिच्यावर एकही खूण न करता फक्त लेखकाला विचारायचे दहा प्रश्न वेगळ्या कागदावर लिहा आणि ती दोन्ही पाने आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात त्यांविषयी लिहीन. आणि हो, तुमच्या पत्रात ‘शुद्धीपत्र’ असे आले आहे. ‘शुद्धी’ एकटी असताना दीर्घ, पण समासात ती ऱ्हस्व होते : शुद्धिपत्र.