मागच्या बाकावरचा खासदार खरंच काम करतोय का हे कसं ओळखायचं? (उत्तर जरा लांबलंय)

तुम्ही विचारलंय की आमचे खासदार टीव्हीवर कधी दिसत नाहीत, मंत्री नाहीत, पक्षात पद नाही, उपस्थिती मात्र भरपूर आणि प्रश्नांची संख्या तीनशेच्या पुढे, मग हे काम चांगलं समजायचं का नुसते आकडे? मी सात वर्षं एका खासदारांकडे संसदेच्या कामासाठी सहायक होतो, ते पण मागच्याच बाकावरचे, त्यामुळे यावर मनापासून लिहावंसं वाटलं. माझं मत आधीच सांगतो. आकडे बाजूला ठेवा, एक विषय धरा आणि त्या विषयाचा पिच्छा त्यांनी किती दिवस पुरवला ते बघा.

प्रश्नांचं आधी समजून घ्या. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. तारांकितला मंत्री उभं राहून उत्तर देतात, अतारांकितचं फक्त लेखी उत्तर येतं. ११ ते १२ हा प्रश्नोत्तराचा तास, त्यात वीसपैकी पाच-सहाच प्रश्नांपर्यंत गाडी पोचते, बाकीच्यांची उत्तरं पटलावर (म्हणजे सभागृहाच्या अधिकृत कागदपत्रांत) ठेवली असं धरून चालतात. म्हणजे कोणाच्या नावावर तीनशे प्रश्न असले तरी त्यातले सभागृहात तोंडी आलेले बोटावर मोजण्याएवढेच असणार. अतारांकित प्रश्न वाया जातात असं मात्र अजिबात म्हणू नका. जिल्हावार, वर्षवार सरकारी आकडे छापील स्वरूपात मिळवायचा तो हक्काचा मार्ग आहे, पत्रकार आणि अभ्यासक त्याच उत्तरांवर जगतात.

पण खरी परीक्षा पुरवणी प्रश्नाची, म्हणजे मंत्र्याच्या उत्तरावर तिथल्या तिथे विचारलेल्या पुढच्या प्रश्नाची. मूळ प्रश्नकर्त्याला दोन पुरवणी विचारता येतात, मग अध्यक्ष इतरांना एकेक देतात. मूळ प्रश्न पंधरा दिवस आधी दिलेला असतो, मंत्रालयाने त्याचं उत्तर घोटून घोटून गुळगुळीत केलेलं असतं. पुरवणीला तसं नाही, तिथे मंत्र्याला उभ्या उभ्या बोलावं लागतं.

एक प्रसंग सांगतो. आमच्या मतदारसंघात महामार्गाच्या बायपाससाठी जमिनी गेल्या होत्या आणि मोबदला वर्षानुवर्षं अडकला होता. एकदा आमचा तारांकित प्रश्न तिसऱ्या नंबरवर लागला, म्हणजे नक्की येणार. सकाळी उत्तराची प्रत हातात आली, दीड पान, त्यात कायद्याची कलमं होती, प्रक्रिया होती, सगळं होतं, फक्त किती शेतकरी थांबलेत ते नव्हतं. मी त्याच कागदाच्या मागे घाईघाईत पाच पुरवणी लिहून दिल्या, चांगल्या तिखट, भ्रष्टाचार वगैरे शब्द घालून. आमच्या खासदारांनी पेन काढलं आणि चार खोडल्या. मी खोलीत टीव्हीसमोर बसलो होतो. ते उठले आणि एवढंच विचारलं की मोबदला न मिळालेल्या खातेदारांची जिल्हावार संख्या मंत्रिमहोदय सांगतील का. मंत्री म्हणाले माहिती गोळा करून पटलावर ठेवली जाईल. आणि हे खाली बसले! मला फार वाईट वाटलं, एवढी संधी होती आणि एका वाक्यात संपवली. ते परत आले तर चेहरा खुललेला. म्हणाले, अरे पाहिजे होतं ते मिळालं, आश्वासन मिळालं.

तेव्हा मला कळलं की सभागृहात मंत्री ‘माहिती गोळा केली जात आहे’, ‘विषय विचाराधीन आहे’, ‘मी लक्ष घालतो’ असं म्हणाले की ते हवेत विरत नाही. अशा शब्दप्रयोगांची ठरलेली यादी आहे, त्यात बसलं की ते सरकारी आश्वासन म्हणून नोंदवलं जातं आणि तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं. त्यासाठी लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासन समिती आहे, पूर्तता झाली नाही तर मंत्रालयाला तिच्याकडे मुदतवाढ मागावी लागते, कारणं द्यावी लागतात. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. आमच्या प्रकरणात मुदतवाढीवर मुदतवाढ झाली, आम्ही दर अधिवेशनात पत्र टाकत राहिलो, चौदा महिन्यांनी जिल्हावार तक्ता पटलावर आला. पेपरात एक ओळ आली नाही. पण तो तक्ता घेऊन शेतकरी भूसंपादन कार्यालयात गेले तेव्हा ‘आमच्याकडे अशी माहिती नाही’ हे उत्तर बंद झालं. सगळ्यांचे पैसे मिळाले असं नाही, बऱ्याच जणांचे मात्र सुटले.

आता हे फक्त छोट्या कामांना लागू आहे असं वाटत असेल तर १९५७ बघा. फिरोज गांधी तेव्हा रायबरेलीचे खासदार, सत्ताधारी पक्षाचे आणि पंतप्रधानांचे जावई, पण मंत्री नाहीत. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले होते. आधी दुसऱ्या सदस्यांचे साधे प्रश्न आले, उत्तरं मोघम आली, मग पुरवणी, आणि १६ डिसेंबर १९५७ ला फिरोज गांधींनी सभागृहात तारखा आणि बाजारभाव मांडून दाखवलं की व्यवहार कसा झाला. न्यायमूर्ती छागलांचा एकसदस्यीय चौकशी आयोग नेमावा लागला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींनी राजीनामा दिला. आपल्याच पक्षाचं सरकार असताना! संसदेतलं कामकाज प्रामाणिकपणे छापणाऱ्या वर्तमानपत्राला संरक्षण देणारा १९५६ चा कायदा पण त्यांच्याच अशासकीय विधेयकातून (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या विधेयकातून) आलेला.

अशासकीय विधेयकांबद्दल लोक म्हणतात काही होत नाही त्याचं. स्वातंत्र्यानंतर जेमतेम चौदा अशी विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं १९७० मध्ये, हे खरंच आहे. पण नाथ पै आठवा, राजापूरचे खासदार, प्रजा समाजवादी पक्षाचे. १९६७ मध्ये गोलकनाथ निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, तर नाथ पैंनी संसदेचा अधिकार परत मिळावा म्हणून अशासकीय विधेयक आणलं. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, त्यावर देशभर वाद झाला, पण मंजूर व्हायच्या आधीच लोकसभा विसर्जित झाली आणि जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले. त्याच वर्षी सरकारने २४वी घटनादुरुस्ती केली, संसदेचा तोच अधिकार सांगणारी. ती भूमिका पटो न पटो, एका विरोधी बाकावरच्या माणसाने तो विषय चर्चेत जिवंत ठेवला होता. अलीकडे तिरुची शिवांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेने एप्रिल २०१५ मध्ये मंजूर केलं, लोकसभेत पुढे गेलं नाही, पण नंतर सरकारला या विषयावर स्वतःचं विधेयक आणावंच लागलं.

भाषणांचं थोडक्यात सांगतो. वेळ पक्षाच्या संख्याबळावर मिळतो, मोठे नेते त्यातला बराचसा घेतात, मागच्या बाकावरच्याला संध्याकाळी उशिरा तीन-चार मिनिटं मिळतात आणि तिसऱ्या मिनिटाला घंटी. त्यात कोणी शेर आणि कोट्यांमध्ये वेळ घालवला नाही, एक आकडा आणि एक मागणी नीट मांडली, तर तो माणूस तयारी करून आलाय एवढं समजायचं.

आणि समित्या! लोकांना दिसत नाहीत म्हणून त्यांची किंमत कळत नाही, आणि मला याचीच सगळ्यात जास्त तळमळ आहे. विभागांशी संबंधित स्थायी समित्या, म्हणजे एकेका मंत्रालयाचं काम तपासणाऱ्या खासदारांच्या समित्या, १९९३ मध्ये सुरू झाल्या, आता २४ आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. बजेटमधल्या बहुतेक मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या सभागृहात चर्चेविनाच मंजूर होतात, ज्याला गिलोटिन म्हणतात, म्हणजे त्या पैशांची ओळीओळीने तपासणी जर कुठे होत असेल तर ती या समित्यांत. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर सभागृहातल्या मतदानात पक्षादेश (पक्षाचा व्हिप) मोडायची सोय उरली नाही, पण समितीत पक्षादेश चालत नाही, कॅमेरा नसतो, त्यामुळे सत्ताधारी पक्षाचा सदस्यसुद्धा सचिवांना अडचणीचा प्रश्न मोकळेपणाने विचारतो.

आम्हा सहायकांना आत प्रवेश नसतो आणि अहवाल पटलावर येईपर्यंत आतलं बाहेर सांगायचं नसतं, ते आमच्या साहेबांनी मलाही कधी सांगितलं नाही. माझं काम आदल्या रात्रीचं. मागण्यांच्या पुस्तकातून तीन रकाने काढायचे, अर्थसंकल्पी अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च, तीन वर्षांचे शेजारी शेजारी. एका योजनेत दर वर्षी मोठी रक्कम जाहीर व्हायची, सुधारित अंदाजात निम्म्यावर यायची आणि खर्च त्याहून कमी. साहेबांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि कागद घडी करून खिशात टाकला. पुढे छापील अहवालात समितीने नेमकं याच योजनेवर विभागाकडून लेखी खुलासा मागवलेला दिसला. कोणी विचारलं ते अहवालात नसतं. पण त्यानंतर सरकारला तीन महिन्यांत सांगावं लागतं की शिफारशीवर काय केलं, आणि समिती त्यावर परत अहवाल देते.

एक खंत मात्र आहे, १५व्या लोकसभेच्या मानाने पुढच्या दोन लोकसभांत समितीकडे जाणारी विधेयकं खूप कमी झाली. मागच्या बाकावरच्याची अभ्यास दाखवायची जागाच आक्रसते त्यामुळे.

तर तुमच्या खासदारांचं असं बघा. डिजिटल संसदच्या साइटवर त्यांच्या नावाने प्रश्न काढा आणि तारखा न बघता विषयाने लावा. तीनशे प्रश्न तीनशे विषयांवर विखुरलेले असतील तर बहुधा दुसऱ्याच कोणीतरी ते तयार करून दिलेत. पंधरा-वीस प्रश्न एकाच विषयावर असतील आणि पुढचा प्रश्न आधीच्या उत्तरातल्या त्रुटीवरच बोट ठेवत असेल तर माणूस काम करतोय. मग त्या उत्तरांत ‘माहिती गोळा केली जात आहे’ कुठे आहे ते शोधा आणि पूर्तता झाली का बघा. शेवटी ते कुठल्या समितीवर आहेत ते बघून तिचे अहवाल उघडा, प्रत्येक अहवालात बैठकांची इतिवृत्तं जोडलेली असतात आणि त्यात हजर सदस्यांची नावं असतात, ती नक्की वाचा. विषय सापडला तर इथे टाका, उत्तरं वाचायला मी मदत करीन.