शेकोटीची शेगडी सोबत नेता येईल का?

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. जूनमध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील खोऱ्यात तंबूत मुक्काम करणार आहोत. लाकडावर पेटणारी धातूची शेगडी सोबत आणली, तर ती जमिनीपासून उंच असल्यामुळे चालेल, असे मित्र म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. शेगडीला पाय असले, तरी तिच्यातील लाकडाच्या ठिणग्या वाऱ्यावर उडतातच. म्हणूनच तेथे प्रत्येक मुक्कामाच्या जागेवर बसवून दिलेल्या लोखंडी कड्यातच शेकोटी पेटवावी, असा नियम आहे. शिवाय १ मे ते ३० सप्टेंबर या काळात खोऱ्यात सायंकाळी ५ ते रात्री १० एवढ्याच वेळात शेकोटीला परवानगी असते, आणि याचे कारण वणवा नसून, खोऱ्यात साचणारा धूर हे आहे. खोऱ्यात पडलेल्या काटक्यासुद्धा वेचता येत नाहीत. घरचे लाकूडही नेऊ नका, कारण त्यातून झाडे पोखरणारे किडे नव्या जंगलात पोहोचतात. सरपण जवळपासच विकत घ्यावे. वणव्याच्या धोक्यामुळे निर्बंध लागू झाले, तर लोखंडी कड्यातील शेकोटीही बंद होऊ शकते, त्यामुळे निघण्यापूर्वी उद्यानाची ताजी सूचना अवश्य वाचावी. चहासाठी मात्र बंद करण्याची चावी असलेली गॅसची शेगडी सोबत असू द्यावी.