जवसाच्या तेलात सी आणि बी१२ : मायक्रोइमल्शन जमेल का?

दादा, तुमच्या घाण्याच्या जवस तेलात सी आणि बी१२ ही जीवनसत्त्वं पाण्यात विरघळवून मिक्सरमध्ये घुसळलंत, तेल दुधाळ झालं आणि दोन दिवसांत पाणी तळाशी बसलं. बसणारच, कारण ते साधं इमल्शन, म्हणजे तेलात पाण्याच्या थेंबांचं मिश्रण होतं. मिक्सरने थेंब बारीक होतात, पण पुन्हा एकमेकांना चिकटतात. मायक्रोइमल्शनमधले थेंब फार तर शंभरेक नॅनोमीटरचे. साधा जीवाणूही त्याच्या दहापट मोठा. इमल्सिफायरचं (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणाऱ्या पदार्थाचं) प्रमाण जुळलं की चमच्याने ढवळलं तरी गढूळ तेल डोळ्यांदेखत नितळ होतं आणि तसंच राहतं.

घोडं अडतं ते या इमल्सिफायरपाशी. खाद्यतेलाचे रेणू बोजड असतात, थेंबाभोवती इमल्सिफायरचं जे कवच बनतं त्यात नीट शिरत नाहीत. नुसत्या लेसिथिन या इमल्सिफायरवर भागत नाही. मोनोग्लिसराइड आणि पॉलिसॉर्बेट हे आणखी इमल्सिफायर, थोडं इथेनॉल (अल्कोहोल) अशी भर पडत जाते. समजा पॉलिसॉर्बेट १० टक्के लागलं. मोठ्या चमच्यात १४ ग्रॅम तेल, म्हणजे पॉलिसॉर्बेट १.४ ग्रॅम. त्याची रोजची मर्यादा किलो वजनामागे २५ मिलिग्रॅम, ६० किलोच्या माणसाला १.५ ग्रॅम. एका चमच्यात कोटा संपला! वर कडवट चव येते ती वेगळीच.

सीचा हिशोब कागदावर बरा दिसतो. तेलात १ टक्का पाणी आणि त्या पाण्यात २० टक्के सी धरलं तर चमच्यामागे २८ मिलिग्रॅम. पण तेलात लोह-तांब्याचा अंश असला की सी उलट तेल खवट करायला हातभार लावतं, आणि जवस आधीच नाजूक. सीसाठी एवढा खटाटोप करू नका, चटणीवर लिंबू पिळा. खवटपणा रोखायला एस्कॉर्बिल पामिटेट हे सीचं तेलात चालणारं रूप आहे, त्याला पाणी लागत नाही.

बी१२ला मात्र हे तंत्र शोभतं. चमच्याला १ मायक्रोग्रॅम म्हणजे लिटरला ७० मायक्रोग्रॅमसुद्धा नाही. तेवढं तर चमचाभर पाण्यात आरामात मावतं. पाणी कमी, म्हणून इमल्सिफायरही कमी. फक्त सोबत सी नको, ते पाण्यात बी१२ची मोडतोड करतं. बाटली गडद रंगाची घ्या, उजेडही त्याला सोसत नाही.

नमुना करून पाहायचा तर शेजारी साध्या तेलाची बाटली ठेवून दोन्ही रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. तुमचीच गढूळली तर प्रमाण चुकलंय. आणि हे तेल फोडणीचं नव्हे. कढईत ते थेंब तडतडून उडून जातील. चटणी, ठेचा, भाकरी, असं कच्चंच खायचं.

विकण्याआधी एक बघा : एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फोर्टिफाइड (वरून जीवनसत्त्वं घातलेल्या) तेलाच्या मानकात जीवनसत्त्वं अ आणि ड, एवढीच आहेत. बी१२चा दावा लेबलवर छापण्याआधी अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला लेखी विचारा.